अडसर

पहिली गोष्ट ही, की अडसर बाहेरच्या अंगाला आहे.

नवा माणूस इथं थांबतोच. लोखंडाला बोट लावतो,
मग माझ्याकडे बघतो, जणू मीच तो उलटा बसवला.
मी वंगणवाली. हुर्दाकच्या दरवाज्याची सातवी.
माझं काम बिजागऱ्यांशी. इतिहास हवा असेल
तर वर घंटेपाशी ओस्वीन कारकून बसतो, तो सांगतो:

राजा आर्नुथनं बांधला, बर्फातल्या तोर्गांना अडवायला.
बारा वर्षं लागली. चिऱ्याचिऱ्यात शिसं ओतलं.
फळ्या एका बुडालेल्या गलबताच्या,
म्हणून भरतीच्या रात्री दरवाजा अजून कुरकुरतो,
समुद्र इथून तीनशे कोस लांब असला तरी.

ओस्वीन खोटं बोलत नाही.
फक्त तो आतल्या बाजूला बसतो.

माझ्या आधीची केल्मा, हात कोपरापर्यंत काळे,
म्हणायची, वेडे, दार तोर्गांनी घातलं.
आपल्या गावात तेव्हा खोकल्याची साथ होती.
त्यांची हरणं मरत होती.
दुखणं कोंडायला कडी बाहेरूनच लावतात.

मला दोन्ही पटतं. मी लाकूड पुसते.

पहिल्या वेढ्याचे सतरा घाव आहेत, कुऱ्हाडीचे,
सगळे कमरेच्या खाली.
तोर्गा माणूस नऊ फूट उंच.
मग एवढ्या खाली कुणी घाव घातले?
ओस्वीनच्या पोथीत याचं पान नाही.
तिथं फडकं फिरवताना मी हात हलका ठेवते.

दुसरा वेढा म्हणजे नुसती काजळी.

तिसरा लांबला. हिवाळा उतरला, बिजागऱ्या गोठल्या,
लाकूड आतल्या आत तडकू लागलं.
तेव्हा दिंडी वाजली. बाहेरून एक लांब हात आत आला,
हातात सीलच्या चरबीचं मडकं.
दार मोडलं तर मीठ कुठून घ्यायचं आम्ही, असं म्हणाले म्हणे.
वंगणाच्या वहीत तिसरीच्या अक्षरात नोंद आहे:
‘चरबी, सव्वा मण. शत्रूकडून. चांगली.’

नंतर भूकंप. दोन्ही अंगांची तटबंदी
एका दुपारी बसली, गुडघे टेकल्यासारखी.
दरवाजा तेवढा उभा राहिला,
डावीकडे गवत, उजवीकडे गवत.
शेळ्या वळसा घालून जातात.
माणसं दरवाज्यातूनच येतात, रांग लावून,
जकात मोजून देतात, पावती मागतात.
म्हातारा तोर्गा, ह्वार, कमानीखाली वाकतो,
कमान त्याच्या डोक्याच्या दोन हात वर असूनही.
मी एकदा विचारलं, कशाला वाकतोस?
म्हणाला, बाप वाकायचा. तो खरंच उंच होता.

आता पंचांचा ठराव झालाय:
अडसर काढून आतल्या बाजूला बसवा.
पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.
लोहार परवा येणार.

म्हणून काल रात्री मी गवतातून वळसा घालून
बाहेर गेले, दिवा न घेता.
अडसर ढकलला. सात जणींनी पाजलेलं तेल
त्याच्या अंगात असणार, आवाजसुद्धा न करता बसला.
सगळं हुर्दाक कोंडलं गेलं,
तटबंदी नसलेलं, झोपलेलं, घोरणारं.
मी पाठ टेकून बसले.
बर्फावरून वारा येत होता. भरती असावी,
फळ्या कुरकुरत होत्या.

मग आतून टकटक. अगदी हळू.
कोण?
ओस्वीन म्हणाला, बघत होतो, लागतो का.

लागतो, मी म्हटलं.

वळसा घालून तो आला नाही.
मीही उठले नाही.
उजाडेपर्यंत आम्ही बोललो, दारातून,
बहुतेक मिठाच्या भावाबद्दल.

सकाळी वहीत लिहिलं:
अडसर चालू. वंगण पाव शेर.
बाजू लिहायची राहिली.