अठरा पेरं

उसाच्या दिवसांत मीटिंग ठेवली, तिथंच चुकलं.
दर दोन मिनिटाला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर,
वर गाणं लावलेलं,
आणि गिरधारीच्या भट्टीचे पत्रे
बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यातच गिळायचे.

मी आयटीआयला ड्राफ्टिंग केलेलं, लग्नाआधी.
तेवढ्यावरून नकाशा माझ्याकडं आला.
गेल्या सालच्या कॅलेंडरची पाठ,
तीन कोपऱ्यांवर तीन वजनं,
चौथं हरवलंय म्हणून दगड.
एक मीटरला बोटाचं एक पेर.
परभणीहून वसमतकडं निघालेला रस्ता
आमच्या दारात अठरा पेरं,
गटारीपासून गटारीपर्यंत.

ट्रक म्हणजे काड्यापेटी.
एसटी म्हणजे साबणाचा खोका.
कडुलिंबाच्या जागी कडुलिंबच, एकेक डहाळी.
माणसं म्हणजे फुटाणे, गिरधारीनं वाटीभर दिले.
शाळेची पोरं म्हणजे ज्वारीच्या लाह्या,
म्हणून पंखा बंद.

मुबीनभाई पंक्चरवाले म्हणाले,
'फुटपाथ बनाव, लेकिन मेरी हवा की टाकी हिलाव नक्को.'
पंचफुला जोगदंडला गाड्यावर सावली पाहिजे,
झाडाची; पुढाऱ्याच्या फ्लेक्सची पुष्कळ झाली.
काबरा मास्तरांना दुभाजक, त्यात फुलझाडं.
'फुलं शेळ्या खाणार,' वैजनाथ म्हणाला,
'आन् शेळ्या माझ्याच हायेत.'
सातवीतल्या आश्लेषाला पांढरे पट्टे,
'गेल्या वेळसारखे नको. ते दिवाळीच्या आत गेले.'

खैरुन्निसा आपा शेवटी बोलल्या.
'मेरे कू कट्टा होना. रस्ते के बीच में.'
मध्येच? कशाला?
'एक दम में उस पार नै होता मेरे से.
आधे में जरा बैठूंगी.'

नेमका तेव्हा ट्रॅक्टर नव्हता.
सगळ्यांना नीट ऐकू आलं.

मी बेरीज मांडली.
फुटपाथ दोन्हीकडचे पाच, हातगाड्या तीन,
रिक्षा दोन, सायकली तीन,
मास्तरांची फुलं अडीच, आपांचा कट्टा दीड.
वर गाड्यांना चौदा तरी लागतातच म्हणे.
एकतीस.
परत केली. एकतीसच.

तेरा पेरं कुठून आणायची?
'घरं मागं सरकवा,' वैजनाथ म्हणाला.
सगळे हसले,
आणि हसता हसता
जो तो आपापल्या पायरीकडं बघायला लागला,
गटारीवर दोन हात पुढं आलेल्या.
मुबीनभाईंची टाकी. मास्तरांचा ओटा.
आमचाही जिना, सासऱ्यांनी बांधलेला,
मी नकाशात काढलाच नव्हता.

मग वाद वाढला.
कुणाची पायरी आधी, कुणाची जुनी,
कुणाकडं कागद आहे, कुणाकडं नुसता आवाज.
हात आधी वाटीत जायचे, वाटी संपली तसे नकाशावर.
साडेनऊला बघते तर
काड्यापेट्या जागच्या जागी,
साबणाचा खोका वळणावर,
आणि रस्त्यावर माणूस म्हणून एक नाही.

'मी मोजून दिलते,' गिरधारी म्हणाला.
कुणी कबूल होईना.
मास्तरांच्या मिशीला फुटाण्याचं साल.
लाह्या तेवढ्या शिल्लक, शाळेच्या फाटकाशी,
तशाच पलीकडं जायच्या थांबलेल्या.

गिरधारीनं झाऱ्यानं नवे काढले.
'गरम हायेत. लगेच खाऊ नका.'
आश्लेषानं त्यातला एक फुंकून
बरोबर मध्ये ठेवला, कट्ट्याच्या जागी.

ट्रॅक्टर गेला.
टेबल हललं, फुटाणा घरंगळला,
गटारीच्या रेघेशी जाऊन थांबला.
तिनं उचलला, परत मध्ये ठेवला,
माझ्याकडून पेन्सिल घेतली
आणि त्याच्याभोवती गोल काढला.

गोल जरा मोठाच झाला, दीडाच्या जागी तीनेक पेरं.
तिनं खोडरबर मागितलं.
मी दिलं नाही.