एक श्वास थांबून

मष्णूकाका आले पिशवीत रेडिओ घेऊन,
वरून टॉवेल, जणू कोंबडं लपवलंय.
खानापूर स्टँडासमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
रुंदी साडेतीन फूट.
म्हणाले, सातेरे, हे इंटरनेटला जोडून दे.
मला त्यातलं काही कळत नाही.

हे तेच, ज्यांनी मला सातवीत कथिल ओळखायला शिकवलं:
चमकलं की हात थांबव, फुंकर मारू नको.
तेव्हा ते कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते.
रात्रपाळी संपवून आले
की आंघोळीआधी मोर्सची चावी ठोकत बसायचे.

हवेला सीमा नसते, असं लोक भाषणात म्हणतात.
असते. इकडे जांबोटीचा डोंगर आहे,
हातातल्या सेटची हाक त्याला धडकते नि तिथंच बसते.
लांब जायचं तर लांब तार हवी, वीस मीटर,
आणि अथणीचे इराण्णा बागेवाडी
आता बंगळूरला मुलाकडे, सातव्या मजल्यावर,
जिथं सोसायटी कपड्यांची दोरीसुद्धा बांधू देत नाही.

बावीस वर्षं दोघं बोलले.
ठिपके, रेघा. उसाची तोड, गुडघा,
एकाची बायको गेली तेही
त्याच दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपांत,
ना मराठी, ना कानडी.
एकमेकांचा आवाज कधी ऐकलेला नाही.

बघा काका, हे रेडिओचं तोंड, हा कान.
पत्त्यांच्या जोडाएवढा हा बोर्ड म्हणजे मधला माणूस.
ह्याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड ह्याच्या.
कानाला कान जोडले तर दोघं नुसते ऐकत बसतात.
काका म्हणाले, असं लग्न बघितलंय मी.

तिसरी तार अंगठ्याची.
दुकानातल्या सेटचं बटण आता बोर्ड दाबणार.
हे त्यांना आवडलं नाही.
तुमचा अंगठा तुमच्या हातातल्या सेटवर आहेच की, म्हटलं,
तरी दोनदा विचारलं.

पहिल्या दिवशी नुसता भुंगा.
वायर बदलली, भुंगा. चार्जर बदलला, भुंगा.
शेवटी मध्ये सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर घातला,
आणि दुकान एकदम एवढं शांत झालं
की शेजारच्या गिरणीचा पट्टा ऐकू आला.
आवाज वाढवू नका, मी म्हटलं, मोठं म्हणजे स्वच्छ नव्हे.
आणि बटण दाबल्या दाबल्या बोलू नका.
साखळी जागी व्हायला वेळ लागतो. एक श्वास.
नाहीतर पहिला शब्द इथंच राहतो.
ते म्हणाले, माझा तसाही राहतोच.

दुसरा सेट घेऊन ते बाहेर गेले,
पेरूच्या गाड्यापलीकडे, आवाज घुमू नये म्हणून.
संकेतनाव सांगितलं, एकेक अक्षर, शाळेत हजेरी द्यावी तसं.
खरखर. काही नाही.
मग आत टेबलावर आणि बाहेर त्यांच्या हातात, दोन्हीकडे,
बारीक, जवळजवळ बाईमाणसाचा वाटावा असा आवाज:
मष्णू? केळसाकत्तैती.

काकांनी बटण दाबलं. एक श्वास.
दोन.
मी काचेतून बघतेय, दिवा लाल आहे,
रिकामी लहर चाललीय बंगळूरपर्यंत, आणि हा माणूस गप्प.
मग त्यांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली:
डा डा डिट, डा डा.
रोज सकाळी चावीवर आधी हेच असायचं, सुप्रभातची दोन अक्षरं.

अर्ध्या सेकंदाच्या उशिरानं तिकडून तीच शीळ आली.
मध्येच हसू फुटलं म्हणून मोडलेली.
पेरूवाली म्हणाली, ह्या वयात काय हे.

त्यानंतर एक कानडीत विचारी, दुसरा मराठीत सांगे.
कुणी कुणासाठी भाषा बदलली नाही,
कुणाचं काही अडलंही नाही.
बॅटरी संपेपर्यंत तेवढंच: गुडघा, नातवंडं,
तुमच्याकडे ऊस तुटला काय.

ट्रान्सफॉर्मरचे पैसे राहिले, वहीत लिहून घेतलेत.
सेट पिशवीत घालून वर टॉवेल झाकताना काका म्हणाले,
बारीक आहे गं त्याचा आवाज.
ठोकायचा तेव्हा केवढा जाड वाटायचा.