पिशवी

रुवीच्या किराणा दुकानातला मल्याळी पोरगा
न सांगता काळ्या पिशवीत घालतो
या आठवड्यातलं तिसरं पाकीट.
वर बघत नाही. शंभर बैसा सुट्टे परत देतो.

ऑफिसात माझी खुर्ची पांढरी.
उठताना आधी मागे बघते, मग पुढे.
खजुराच्या पेट्यांची बिलं जुळवते
आणि शेजारच्या रकान्यात, पेन्सिलीनं,
माझा हिशेब: तास, पॅड, गाठी.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर
खिडकीतले डोंगर सरकतात.

चिपळूणहून नणंद म्हणते,
"काढून टाक की पिशवी. दोन पोरं झाली,
आता काय तिचं लोणचं घालायचंय?"
तिची काढली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.
एका दिवशी तिघी, एकाच खोलीत.
हे ती हसून सांगते.

एसीच्या डब्यावर कावळा बसतो,
आपल्याकडचाच, म्हणे बोटीतून आलेला.
शिवून शिवून
थकला नाहीस का रे, मेल्या?

डॉक्टर शमसांची हिंदी सिनेमातून शिकलेली.
त्या घाई करत नाहीत.
गोळ्या आहेत, फक्त त्या चार दिवसांपुरत्या.
किंवा हे. टेबलावर ठेवतात
काडेपेटीतल्या काडीएवढं काहीतरी, पांढरं.
किंवा आतलं अस्तर जाळायचं,
संध्याकाळी घरी.
ऑपरेशन शेवटी. शेवटी म्हणजे शेवटी.
मला वाटलं, खरंच,
अस्तर बिघडलं म्हणून कोण ब्लाउज फेकतं?
"मी ठरवायचं?" विचारलं.
"मग कुणी?"

नवरा दुक्मच्या साइटवर, पंधरा दिवसांनी येणारा.
"डॉक्टर म्हणतील तसं कर."
"डॉक्टर म्हणतायत, मी म्हणेन तसं."
फोनवर बराच वेळ नुसतं वारं.

काडी बसवली. दहा मिनिटं.
एक कळ, कमरेतून घोट्यापर्यंत,
मी चादर मुठीत धरली, आईगं म्हटलं मराठीतच.
तीन महिने डाग येत-जात राहिले,
कधी वाटे, फसलो.
लोहाच्या गोळ्यांनी जीभ गंजली.

चौथ्या महिन्यात रकाना जवळजवळ कोरा.

काल पोरानं काळी पिशवी झटकून उघडली.
"नको, असंच दे," म्हटलं.
त्यानं वर बघितलं.
एक पाकीट, एक कोथिंबिरीची जुडी,
हातात धरून जिना चढले.
दुसऱ्या मजल्यावर थांबले, सवयीनं.
डोंगर जागच्या जागी.