डाव्या पॅडलचे आटे

बेंडकुळेनं काउंटरवर वर्तमानपत्र पसरून
दोन जोड्या मांडल्यात.
एक रुंद, सपाट, अंगावर दहा-दहा खिळे.
दुसरी मुठीत मावेल एवढी,
स्प्रिंग ताणून, जबडा मिटून बसलेली.
"मॅडम, ठरवा आता. तिसरा चहा झाला."

सातपूरला टूलरूममध्ये वीस वर्षं
मायक्रोमीटर लावून सांगत आले मी
हे चालेल, हे चालणार नाही.
दोन शतांश मिलिमीटरवरून अख्खा ट्रे परत धाडलाय.
आणि इथं माझंच पाऊल,
ते अडकवायचं की मोकळं ठेवायचं
एवढं ठरत नाही.

पगारकाका म्हणतात, खटक्याचंच घे.
नोटप्रेसमधून निवृत्त, बोटांना अजून मोजायची सवय,
चढावर पॅडलचे फेरे मोजतात ओठांतल्या ओठांत.
"टक् झालं, पाय बसला, विचार संपला.
घोड्याला रिकीब काय शोभेला असते?"

पण मीच पाहिलंय त्यांना अंजनेरीच्या पायथ्याशी.
गाडी थांबलेली, पुढे कुणी नाही, मागे मी.
टाच बाहेर वळवायची विसरले
आणि उभ्याचे कलले डावीकडे,
झाड पडावं तसे, पण सावकाश,
दोनदा "अरे, अरे" म्हणून होईल इतके सावकाश.
चोवीस किलोंची सायकल अंगावर,
दोन्ही पाय अजून तिच्याशी इमान राखून.
करवंदीच्या जाळीतून आवाज आला,
"आधी ती मोटर बंद कर."

मोटर. खरा घोळ तिचाच.
साध्या सायकलीवर पाय वर ओढायला काही अर्थ असतो,
इथं ओढणारी बसलीच आहे बुडाशी,
मग पाय बांधून घेऊन मिळवायचं काय?
बरं, तिचं दुसरं ऐका.
पाय थांबला तरी अर्धा क्षण ती ढकलतेच पुढं,
बोलणं संपलं तरी
एखाद्याचा हात हवेत राहतो तशी.
दगडांच्या पायऱ्यांवर नेमका त्याच अर्ध्या क्षणात
सपाट पॅडलवरून बूट उडतो
आणि खिळे नडगीवर सह्या करतात.
माझ्या उजव्या नडगीवर चार आहेत.
कंपनीत सांगितलं, मांजर.

(घरातही खटके उडायचे एके काळी.
टाच बाहेर वळवूनच सुटले मी.
पण तो विषय इथं नको.)

"दोन्ही हवं असेल तर हे बघा,"
बेंडकुळे खालच्या कप्प्यातून तिसरी जोडी काढतो,
एका अंगाला सपाट, दुसऱ्याला जबडा.
ऋग्वेदाच्या सायकलीला आहे ही,
गेल्या रविवारी चामरलेणीमागे चालवून पाहिली.
पाय अडकवायला जावं तर सपाट अंग वर,
मोकळा ठेवावा तर लोखंड तळव्याला टोचतं.
दर वेळी. एकदाही चुकून बरोबर नाही.

"सपाट द्या," मी म्हणते.

पगारकाका हिशेब मागतात. वेग, जोर, गुडघा?
कसं सांगू, मला मधेच पाय टेकवायचा असतो.
काही कारण नसताना.
कश्यपीच्या काठावर पाणकावळा
पंख उघडून वाळत बसलेला दिसतो
आणि टाच वळवायचं आठवेपर्यंत
तो उडून जाईल.

बेंडकुळेचा पोरगा ग्रीस लावून पाना घेतो,
उजवं बसवतो, मग डाव्याला भिडतो.
फिरवतोय, फिरवतोय, पकडतच नाही.
"थांब रे. डाव्याचे आटे उलटे असतात."
तो लाजतो, पाना माझ्या हातात देतो.
मी उलटं फिरवत जाते,
एरवी ज्या दिशेनं सगळं सैल होतं त्या दिशेनं,
मनगटाला कळेपर्यंत. मग आणखी थोडं.

बाहेर पगारकाका खटक्याच्या बुटांत
टक् टक् फेऱ्या घालतायत.
दुकानासमोरची फरशी नुकतीच पुसलीय,
म्हणून एक हात भिंतीला.