हातमोजा

खोकं फोडलं तेव्हा थर्माकोलचे दाणे
साऱ्या प्रयोगशाळेत उडाले.
परभणीत पडलं असेल तर तेवढंच बर्फ.
आत काळा हातमोजा, बोटागणिक तारा.
आकार एकच : मध्यम.
मध्यम म्हणजे कुणाचा, ते कागदावर नव्हतं.

काम तसं साधं.
माणसानं कापूस वेचायचा, मोज्यानं ते टिपायचं,
आणि टेबलाला बोल्टांनी जखडलेल्या
लोखंडी हातानं ते शिकायचं.
देवणीकर सरांनी वेचून दाखवला,
मग निखिलेशनं, मग आणखी दोघांनी.
चौघांपैकी एकानंही उभ्या जन्मात
पऱ्हाटीला हात लावला नव्हता.
लोखंडी हात शिकला.
बोंडाचा गळा आवळायला शिकला.

"बुलाना था ना सर, वेचनेवालियों कोच,"
तहसीन म्हणाली, सोल्डरच्या धुरातून, मान वर न करता.

मानवतहून केवळाबाई आल्या.
चपला दाराबाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
खुर्ची दिली तर आधी ती पदरानं पुसली.
मोजा चढवला,
पाचही बोटांची टोकं रिकामी लोंबली.
"हे तं नवऱ्याचं धोतर नेसल्यावानी झालं,"
त्या हसल्या. तहसीननं रबरबँड गुंडाळले.
"आता येचा. उजव्यानंच बरं का."
केवळाबाई थांबल्या.
"एका हातानं कोण येचतं, माय?
एका हातानं तं भीक घेत्यात."

पडद्यावर रेघा वेड्यावाकड्या नाचल्या.
सिग्नल स्वच्छ नाही, असं निखिलेशनं नोंदलं.
नोंदवही माझ्याकडे असते.
मी ते लिहून घेतलं.

मी डाव्या हातानं लिहिते.
उजवा टेबलाखाली असतो, सवयीनं.
सहावीत कडबाकुट्टीनं करंगळी नेली
आणि तिच्या शेजारचं.
तेव्हापासून प्रत्येक अर्जावर मला
दोन टक्केवाऱ्या भराव्या लागतात,
एक मार्कांची, एक हाताची.

त्या लोखंडी हातालाही तीनच बोटं :
अंगठा नि दोन.
त्याला कुणी टक्के विचारले नाहीत.
प्रस्तावात त्याचं नाव
'कार्यक्षम रचना'.

हे मला दिसायला आठ महिने लागले.
रोज पुसत होते मी त्याला, फडक्यानं.

एका संध्याकाळी सगळे चहाला गेल्यावर
मी मोजा घातला.
पडदा लाल झाला :
त्रुटी. बोट चार, बोट पाच आढळले नाही.
आढळणार नव्हतंच.
मी ती तपासणीची ओळच पुसली
आणि वेचायला बसले,
आईमागं तासात चालताना वेचायचे तशी.
चाळीस बोंडं. मग साठ.
तहसीन कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
"और दो-चार कर," एवढंच म्हणाली.

रात्री साडेनऊला हात हलला.
पहिलं बोंड पाडलं. दुसरं चुरगाळलं.
तिसऱ्याशी जरा रेंगाळला,
कडेनं गेला, काटा चुकवला
आणि कापूस उचलला.
अर्धा बोंडातच राहिला.
पण गळा आवळला नाही.

केवळाबाईंना फोन लावला.
"अर्धा ठिवला? मुकादम मजुरी कापंल त्याची,"
म्हणाल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या.

शोधनिबंधाच्या मसुद्यावर चार नावं होती.
केवळाबाई तळाला, आभारात,
आडनाव चुकलेलं.
आम्ही दोघींनी तो परत पाठवला.
सर दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी मागणीपत्रक माझ्यासमोर सरकवलं,
"डावाही मागवू. आणि ते नावांचं…
बघू."

वस्तू, संख्या, आकार.
आकाराच्या रकान्यात मी दोन शब्द लिहिले,
मधे नीट जागा सोडून :
हात मोजा.

कार्यालयातल्या बाबूला
ती शुद्धलेखनाची चूक वाटली.
त्यानं ते जोडून टाकलं.