जकात

मुलुंडच्या नाक्यावर बापसाने तीस वर्षं
ट्रकवाल्यांना दोनच प्रश्न विचारले :
कुठून? काय माल?

निवृत्तीनंतर कुणा फादरच्या रद्दीत
सायक्लोस्टाइल पानं त्याच्या हाती लागली.
वाळूतल्या रांजणात सापडलेल्या,
चर्चने बाहेर ठेवलेल्या पोथ्यांचं मोडकंतोडकं मराठी.
त्यात मेलेला जीव सात आभाळं चढतो
आणि दर आभाळाला एक नाकेदार :
कुठून आलास?
बापूस खुर्चीतून उठलाच.
"अगं, हे तर आमचंच खातं!"

पुढची ओळ मात्र तो
मरोळच्या ओट्यावर आठवडाभर वाचत बसला :
जीव ज्या साखळीत अडकतो
ती ग्रहांनी आधीच ओवून ठेवलेली.

इनासकाका हातभट्टीने गेला तेव्हा
वेदीवरून सांगितलं होतं,
वाट त्याची त्यानेच निवडली.
बापसाने तेव्हा मान डोलावली होती.
आता म्हणाला, "निवडली असेल.
पण गाडीत माल कोणी भरला?"

"आणि तू तो लाद्यांचा ट्रक
पावतीशिवाय सोडलास, तोही ग्रहांनी?"

तो चष्मा पुसत राहिला.
काच कधीच स्वच्छ झाली होती.
"ड्रायव्हरची पोर तापाने फणफणलेली, पुढच्या सीटवर.
तो मी सोडला.
तेवढा एक."

परवा हॉस्पिटलच्या खिडकीत
फॉर्म भरणाऱ्या मुलीने
मान वर न करता विचारलं,
कुठून आलात?

बापूस काठीवर ताठ झाला.
उत्तराला त्याने वेळ घेतला.
मागे रांग वाढत होती.