कोंबडी बंद

"आठ आठवडे कोंबडी बंद. अंडंही."
डॉक्टर खोब्रागडे तर्रीच्या
खाजवून लाल झालेल्या पोटावर वाकलेले.

तेव्हापासून चष्मा कपाळावर सारून
पिशव्यांच्या पाठी वाचतो.
पुढे मेंढीचं चित्र,
मागे चौथ्या ओळीत, बारीक अक्षरात
कोंबडीच.

म्हणून आज मंगळवारीत,
जन्मात पहिल्यांदा, वलथरेबाईंपुढे उभा.
"रोहू देऊ का मरळ?"
"ज्याला काटे कमी."
"पाव्हणे येऊन राह्यले का जी?"
"नाही. घरचीच आहे एक."

गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं,
मीठ नाही, हळद नाही.
आई देवघराचं दार लोटून घेते
आणि फटीतून विचारते,
"खाल्लं का तिनं?"

रात्री कूलरच्या घरघरीत
खाजवण्याचा आवाज शोधतो.
दोनदा धुतलेला हात
नाकाशी नेतो.